परदेशीचा पैसा आणि भद्रेश्वर दीक्षित

‘संगीत शारदा’ शिकवताना वर्गाचे लक्ष शारदेकडे असते, कोदंडाकडे असते. भुजंगनाथाला हसणे सोपे असते आणि कांचनभटाचा राग येणे स्वाभाविक असते. या सर्वांच्या गर्दीत भद्रेश्वर दीक्षित मात्र सहज निसटून जातो. तो लग्न करणारा नव्हे आणि मुलगी देणाराही नव्हे; तो मधला माणूस. लग्न जमले तर त्याचा लाभ, मोडले तर तोटा. त्या लग्नाने कोणाचे भले होणार, हा प्रश्न त्याच्या हिशेबातच नाही. असे असूनही तो हितचिंतक म्हणून वावरतो, आणि नाटकातील माणसे त्याला तसे वावरू देतात. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात देवलांनी विषम विवाहाची कथा सांगितली हे खरेच. पण तिच्या पोटात सल्ला देणाऱ्याचा स्वार्थ कोठे असतो, याचीही एक कथा दडलेली आहे. गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीला लागून असलेल्या हरिपूरचे. व्यापारी पेठेच्या इतक्या जवळ वाढलेल्या नाटककाराला मधला माणूस नेमका ओळखता यावा, यात आम्हांला नवल वाटत नाही.

गेल्या काही वर्षांत या भद्रेश्वराची आठवण आम्हांला वारंवार झाली, ती मात्र नाट्यसमीक्षेच्या निमित्ताने नव्हे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. राहतो कराडला, एकजण रोज साताऱ्याकडे जातो, एकजण सांगलीकडे. आमच्यापैकी एकाचा धाकटा भाऊ दुबईत आहे आणि दुसरीची थोरली बहीण न्यू जर्सीत. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, आणि ती शोधण्याचे काम, मागे राहिलेली माणसे म्हणून, आमच्याकडे आले होते. त्यांना आपल्या पैशाविषयी सल्ला देणारा एक भरवशाचा माणूस हवा होता.

भावाचे शब्द असे होते : “दादा, तिकडे एखादा माणूस बघ. आपल्यातला.” या ‘आपल्यातला’ शब्दापाशी आम्ही बराच काळ थांबलो. त्यात गाव आहे, भाषा आहे, ओळख आहे. आणि उघड बोलायचे नसले तरी पुष्कळदा जातही आहे. परमुलुखात गेलेल्या माणसाला हा शब्द आधाराचा वाटतो. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या याच शब्दावर उभी राहिली. अनोळखी शहरात आधी गेलेल्या गाववाल्याच्या दुकानात नवा मुलगा राबतो, हुन्नर शिकतो, पुढे स्वतःची भट्टी लावतो. तेथे ‘आपल्यातला’ असण्याला आधार आहे, कारण फसवणूक झाली तर ती गावच्या जत्रेपर्यंत पोहोचते. फसवणाऱ्याचे घर, शेत, सोयरीक सारे त्याच गावात असते. म्हणजे तो विश्वास भाबडा नसतो, त्यामागे गावाचा जामीन असतो. दुबईच्या सदनिकेत भेटणाऱ्या ‘आपल्यातल्या’ माणसामागे असा कोणता जामीन असतो?

भावाला तो माणूस तेथेच भेटला होता. गणेशोत्सवाच्या एका कार्यक्रमात ओळख झाली. गृहस्थ मराठी, बोलणे मिठ्ठास, कोल्हापूर-सांगलीच्या बाजूची सगळी नावे तोंडपाठ. २०१२ साली त्यांच्या सल्ल्याने भावाने २५ वर्षांच्या एका बचत योजनेवर सह्या केल्या. दरमहा ठरावीक रक्कम डॉलरमध्ये भरायची. पाच वर्षांनी आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया मिरजेत करावयाची ठरली, तेव्हा त्याने त्या योजनेतून पैसे काढण्याचा विचार केला. भरलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी हाती येईल, असे उत्तर आले. उरलेली रक्कम मुदतीपूर्वी मोडण्याच्या आकारात आणि आरंभीच्या खर्चात गेली होती. त्या आरंभीच्या खर्चाचा मोठा भाग म्हणजे त्या गृहस्थांना पहिल्याच वर्षी मिळालेले कमिशन. भावाने कर्ज काढून आईच्या शस्त्रक्रियेचे पैसे पाठवले आणि आम्हांला यातले काही सांगितले नाही. कळले ते २०१९ मध्ये. दोन वर्षे त्याचे फोन कमी का झाले होते, हेही तेव्हाच कळले. घरात सगळ्यांत हुशार ठरलेल्या, सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून अभियंता होऊन बाहेर पडलेल्या मुलाला ‘मला समजले नाही’ हे घरी सांगणे पैसे गमावण्यापेक्षाही जड गेले होते.

अशा दीर्घ मुदतीच्या योजना आखातात राहणाऱ्या परकीयांना वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. संयुक्त अरब अमिरातीच्या विमा नियामकाने २०२० मध्ये त्यांवरील कमिशनला मर्यादा घातल्या. भावाच्या दृष्टीने ते फार उशिरा झाले. ब्रिटनने तर २०१२ च्या अखेरीस गुंतवणुकीच्या सल्ल्यासाठी विकणाऱ्या कंपनीकडून कमिशन घेण्यावरच बंदी आणली. ज्याला सल्ला हवा त्यानेच त्याचे मोल द्यावे, असे तेथे ठरले. दोन्ही ठिकाणी कायद्याने नोंदलेली गोष्ट एकच होती, आणि हरिपूरच्या नाटककाराने ती शंभराहून अधिक वर्षे आधी रंगमंचावर उभी केली होती.

येथे कोणी म्हणेल, की पूर्वी हे असे नव्हते. आम्हीही तसे म्हणत आलो आहोत, म्हणून त्याकडे जरा नीट पाहिले पाहिजे. सांगली बँक १९१६ साली स्थापन झाली आणि साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ साली. आमच्या दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांचे व्यवहार या दोन बँकांत होते. शाखेचा मॅनेजर नावाने ओळखत असे. मुलगा परदेशी गेला, हे त्याला पासबुकात नोंद होण्याआधी चहाच्या टपरीवर कळलेले असे. “आता खाते बदलून घ्या, नाहीतर अडचण होईल,” असे तो आपणहून सांगे. तो आमच्या वडिलांच्या पिढीचा आर्थिक सल्लागारच होता, फक्त त्याला त्या नावाने कोणी हाक मारत नसे. सप्टेंबर २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने युनायटेड वेस्टर्नवर निर्बंध घातले आणि ऑक्टोबरमध्ये ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. एप्रिल २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली. अवघ्या सात-आठ महिन्यांत दोन शेजारी जिल्ह्यांनी आपल्या नावाची, आपल्या मातीतील बँक गमावली. ठेवी शाबूत राहिल्या. गेली ती काउंटरपलीकडची ओळख.

ती ओळख मोलाची होती, परंतु तिचा गौरव करताना दोन गोष्टी विसरून चालणार नाहीत. पहिली अशी, की ती सर्वांना उपलब्ध नव्हती. मॅनेजर आपणहून चौकशी करी ती शिक्षकाची, वकिलाची, व्यापाऱ्याची. माण-खटावच्या दुष्काळी गावांतून मुंबईला माथाडी कामासाठी गेलेल्या माणसाला असा सल्लागार कोठून मिळणार? त्याची बचत खोलीतल्या भिशीत जाई, नाहीतर गावाकडच्या मनिऑर्डरीत. माण तालुक्यातील म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, ती नेमकी अशा उंबऱ्याबाहेर राहिलेल्यांसाठी. दुसरी गोष्ट अशी, की आमचा तो प्रेमळ मॅनेजर न्यू जर्सीबद्दल काहीही जाणत नव्हता. त्याची निष्ठा खरी होती आणि त्याचे ज्ञान तालुक्यापुरते होते. ठेव तालुक्यातच राहत होती तोवर तेवढे पुरले.

सांगली-हरिपूरच्या हळदीच्या पेवांचे उदाहरण घ्या. जमिनीखालच्या त्या खोल पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकते, कीड लागत नाही. पेवात टाकलेला माल मालकाला रोज दिसत नाही; तो राखणाऱ्याच्या शब्दावर निश्चिंत असतो. ही व्यवस्था कित्येक पिढ्या उत्तम चालली. २००५ च्या महापुरात मात्र कृष्णेचे पाणी पेवांत शिरले आणि पुष्कळ पेवे निकामी झाली. राखणारा अप्रामाणिक नव्हता. पाणी कोठवर येईल याचा त्याचा अंदाज जुन्या पुरांवर बेतलेला होता, इतकेच. तेव्हा सल्लागाराबाबत दोन वेगळे प्रश्न विचारायला हवेत असे आमच्या ध्यानात आले. तो आपला आहे काय, हा एक; आणि आपण आता जेथे राहतो तेथले पाणी त्याला ठाऊक आहे काय, हा दुसरा.

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व बहिणीमुळे कळले. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयाच्या बँक खात्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. परदेशात मिळवलेला पैसा एनआरई खात्यात ठेवता येतो. त्यावरील व्याज भारतात करमुक्त असते आणि रक्कम मुक्तपणे परत नेता येते. भारतातील भाडे, लाभांश वगैरे उत्पन्न एनआरओ खात्यात जाते. त्यावरील व्याजाला कर लागतो, आणि त्यातून परदेशी न्यावयाच्या रकमेला वर्षाकाठी १० लक्ष डॉलरची मर्यादा आहे. नोकरीसाठी देश सोडला, की जुने निवासी खाते बदलून घ्यावे लागते. इतके आमच्याकडील कोणीही जाणकार सांगतो आणि ते बरोबरच असते. म्हणून साताऱ्याच्या एका नातलगाने भावाला आणि बहिणीला एकच सल्ला दिला : एनआरई खात्यात मुदत ठेव करा, उरलेले भारतीय म्युच्युअल फंडात घाला.

भावासाठी हा सल्ला ठीक होता, कारण अमिरातीत व्यक्तिगत उत्पन्नावर कर नाही. बहिणीसाठी तोच सल्ला घातक ठरला. अमेरिका आपल्या नागरिकांच्या आणि रहिवाशांच्या जगभरातील उत्पन्नावर कर आकारते. भारतात करमुक्त असलेले एनआरईचे व्याज तेथे करपात्र असते. परदेशातील खात्यांत मिळून वर्षात केव्हाही १०,००० डॉलरहून अधिक रक्कम असेल, तर त्यांची माहिती सरकारला कळवावी लागते. भारतीय म्युच्युअल फंडांना अमेरिकी करकायदा अशा एका वर्गात बसवतो, की फंडागणिक वेगळा अर्ज भरावा लागतो आणि कराचा बोजाही जड पडतो. बहिणीने चार फंड घेतले होते. त्या अर्जांपायी जो खर्च आला, त्यात फंडांवरचा फायदा वाहून गेला. “अगं, त्यांनी प्रेमानेच सांगितलं होतं गं,” असे ती म्हणत राहिली. ते खरे होते. त्या प्रेमाचा पत्ता मात्र सातारा जिल्ह्याचा होता आणि तिचा न्यू जर्सीचा.

शेवटी आम्ही शोधाला लागलो. आकड्यांशी आमचे कधीच सख्य नव्हते. वाचणे मात्र येत होते. कादंबरी शिकवताना आम्ही मुलांना विचारतो, की येथे बोलतो आहे कोण? कोणाला उद्देशून? त्याला काय दिसते, काय दिसत नाही? तो काय गाळतो? निवेदकावर किती विसंबायचे, हे ठरवण्याची ही साधी साधने. ती आम्ही माणसांवर चालवून पाहिली.

सांगलीचे एक विमा प्रतिनिधी, अत्यंत अगत्यशील, घरी येऊन बसले. दीड तास बोलले. त्या दीड तासात त्यांनी भावाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. “सर, मी घरचाच माणूस, माझ्यावर सोडा,” हे वाक्य मात्र तीनदा आले. त्यांचे पैसे कोण देते, असे आम्ही नम्रपणे विचारले. “तुम्हांला एक रुपया पडणार नाही,” असे उत्तर मिळाले. प्रश्न एक होता, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे होते. साताऱ्याचे सनदी लेखापाल याच्या अगदी उलट. वीस मिनिटांत भारतातील कराचे सारे चित्र त्यांनी कागदावर काढून दिले, आणि अमेरिकेचा विषय निघताच पेन खाली ठेवले. “बाई, तिथलं मला कळत नाही. तिथला माणूस गाठा,” ते म्हणाले. या शोधातील पहिला दिलासा आम्हांला या वाक्याने दिला. आपल्या ज्ञानाची सीमा दाखवणारा निवेदक विश्वासार्ह, हे आम्ही वर्गात सांगतो. ते असे कानांनी ऐकायला मिळेल याची कल्पना नव्हती.

तिसरे सल्लागार पुण्याचे, सेबीकडे नोंदलेले. भारतात गुंतवणूक सल्लागारांसाठी सेबीचे नियम २०१३ साली आले, आणि २०२० च्या दुरुस्तीने अधिक स्पष्ट झाले, की एकाच ग्राहकाला सल्ला देणे व त्यालाच योजना विकून कमिशन घेणे, ही दोन्ही कामे एकाने करायची नाहीत. यामुळेच ‘सल्लागार’ आणि ‘वितरक’ हे शब्द आता कायद्याच्या भाषेत वेगळे आहेत, जरी बोलण्यात आपण दोघांनाही सल्लागारच म्हणतो. हे गृहस्थ पहिल्या बैठकीत फक्त विचारत राहिले. भावाला परत यायचे आहे काय? केव्हा? आईवडिलांचा खर्च कोण पाहतो? गावाकडे जमीन घ्यायचा विचार आहे काय? तो होता. तासगावच्या बाजूला दोन एकर द्राक्षबाग घ्यावी, असे भावाचे जुने स्वप्न. परदेशस्थ भारतीयाला शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितले. आईच्या नावावर घेऊन टाका, अशी सल्लामसलत आम्हांला दोन-तीन हितचिंतकांकडून आधीच मिळाली होती. त्यांनी त्यातला धोकाही सांगितला. स्वप्न मोडणारा सल्लागार आम्हांला याआधी भेटला नव्हता.

त्यांनी आपली वार्षिक फी सांगितली तेव्हा अण्णांचा, म्हणजे भावाच्या वडिलांचा, चेहरा उतरला. “सल्ल्याला पैसे? चार गोष्टी सांगायच्या त्याचे?” अण्णा व्यवहाराला कच्चे नाहीत, आयुष्यभर आडत दुकानात हिशेब लिहिलेला माणूस. परंतु आपल्या संस्कारात सल्ला हे दान आहे. वडीलधाऱ्याने द्यावे, धाकट्याने घ्यावे. त्याचे मोल घेणे हलकेपणाचे. या संस्काराचा आम्हांला आदर आहे. मात्र त्याच अण्णांना आम्ही विचारले, की आडत्या शेतकऱ्याकडून किती टक्के आडत घेतो हे पट्टीवर लिहिलेले असे की नाही? ते म्हणाले, “असायलाच पाहिजे.” मग ज्या सल्लागाराचे मोल पट्टीवर लिहिलेले नाही, त्याला ते कोठून मिळते? अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी करारपत्राची अकरा पाने चष्मा लावून वाचून काढली आणि चौथ्या पानावर पेन्सिलीने एक खूण केली. ती शंका योग्य होती. सल्लागारांनी ते कलम बदलून दिले.

येथे इतिहासातील एक उदाहरण आठवते. साताऱ्याजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे पहिल्या बाजीरावाचे गुरू होते, सल्लागार होते, आणि सावकारही होते. मोहिमांवर दूर गेलेला पेशवा कर्जाच्या ओझ्याविषयीची आपली तगमग स्वामींना पत्रांतून कळवतो, आणि ज्यांना कळवतो त्यांचेही देणे त्याच्या डोक्यावर असते. स्वामींच्या तपाविषयी वा बाजीरावाच्या श्रद्धेविषयी आम्हांला येथे काही म्हणावयाचे नाही. एवढेच म्हणावयाचे आहे, की ज्याच्यापुढे मन मोकळे करायचे आणि ज्याला व्याज द्यायचे ती व्यक्ती एकच असली, की मन पुरते मोकळे होत नाही. दूरदेशी असलेल्या माणसाला असे एकत्रीकरण सोयीचे वाटते, कारण त्याच्याजवळ माणसे थोडी असतात. मित्र, गाववाला, सल्लागार, विक्रेता या चारही भूमिका तो एकाच माणसावर सोपवतो. परदेशातील एकटेपणाची ही किंमत कोणत्याही तक्त्यात दाखवलेली नसते.

म्हणून भाऊ शोधत होता तो ‘आपल्यातला’ माणूस आम्ही त्याला दिला नाही. त्याला आम्ही एक परका माणूस दिला, ज्याचे मोल उघड आहे आणि ज्याचे कर्तव्य कागदावर आहे. कायदा या कर्तव्याविषयी जे बोलतो, त्यासाठी मराठीत ‘विश्वस्त’ हा नेमका शब्द फार पूर्वीपासून आहे. विश्वासू आणि विश्वस्त यांत फरक आहे. विश्वासू हा स्वभाव असतो. विश्वस्त ही जबाबदारी असते आणि तिचा जाब विचारता येतो. बहिणीसाठी तिकडच्या करकायद्याचा वेगळा जाणकार तिने तेथेच शोधला. तो मराठी नाही, आणि तिला आता त्याचे काही वाटत नाही. भावाने ती २५ वर्षांची योजना तोटा सोसून २०२१ मध्ये बंद केली. तो पुन्हा दर रविवारी फोन करतो. पैशाविषयी बोलत नाही. आईशी पावसापाण्याचे बोलतो, अण्णांशी हळदीच्या भावाचे. मित्राचे आणि गाववाल्याचे जे काम होते ते पुन्हा घराकडे आले, असे आम्ही समजतो.

‘शारदा’ आम्ही अजूनही शिकवतो. आता भद्रेश्वराच्या प्रवेशापाशी आलो, की गुंतवणुकीची एखादी जाहिरात वर्गात वाटतो आणि मुलांना दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचायला सांगतो. गेल्या वर्षी विट्याकडची एक मुलगी, जिचे वडील आणि दोन्ही चुलते गलाईच्या धंद्यात दूर दक्षिणेत आहेत, जाहिरात वाचून म्हणाली, “सर, यात सगळं आहे, फक्त हे छापायचे पैसे कोणी दिले, ते नाही.” भाष्य म्हणून याहून अधिक काही आम्हांलाही सुचले नसते. त्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा कोणी ना कोणी परमुलुखात आहे, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळजण स्वतः जाणार आहेत. जाताना त्यांनी एवढा एक प्रश्न सोबत न्यावा, यासाठी देवल शिकवणे आम्हांला आजही अगत्याचे वाटते.